बाहुलीची नजर आणि टर्की हॉलोचे चार गाणारे प्राणी

दिवाळीच्या सुटीत मुलांबरोबर बसून पाहता येतील अशा चित्रपटांविषयी लिहिताना या सदरात 'टर्की हॉलो' (पूर्ण नाव 'जिम हेन्सन्स टर्की हॉलो') या अमेरिकी दूरचित्रपटाचा उल्लेख केला होता आणि त्यातील बाहुल्या मला मनापासून आवडल्या, असेही म्हटले होते. त्यावर बरीच पत्रे आली. काहींनी हा चित्रपट परदेशात लेकी-सुनांकडे असताना पाहिला होता, काहींनी सदर वाचून मुद्दाम मिळवून पाहिला, आणि मते इतकी टोकाची निघाली की या वेळचे सगळे सदर त्याच विषयाला द्यायचे ठरवले.

ज्यांनी तो पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. रॉन एमर्सन हे गृहस्थ थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येणाऱ्या सणाला आपली मोठी मुलगी अ‍ॅनी आणि धाकटा मुलगा टिम यांना घेऊन टर्की हॉलो या गावी क्लाय आँटींकडे जातात. आँटींच्या घरी इंटरनेट नाही, त्यामुळे मुले हिरमुसतात. गावच्या दंतकथेतील 'हाउलिंग हूडू' नावाचा प्राणी शोधायचा ध्यास टिमला लागतो आणि तो बहिणीला रानात घेऊन जातो. तिथे त्यांना बर्बल, स्क्वॉन्क, थ्रिंग आणि झॉर्प हे चार विलक्षण प्राणी भेटतात. पुढे शेजारी कट करून आँटींवर टर्की पक्षी चोरल्याचा आळ घेतात आणि त्या संकटात हे नवे सोबती मुलांच्या कामी येतात.

प्रश्न : मी गेल्या वर्षी नोव्हेंबरात लेकीकडे न्यू जर्सीला होते. तिथे हा चित्रपट सगळ्यांनी मिळून पाहिला. जावई म्हणाले, 'अगदीच सामान्य आहे, वेळ फुकट गेला.' पाच वर्षांच्या नातवाने मात्र तो दुसऱ्या दिवशी पुन्हा लावायला लावला. दोघांपैकी बरोबर कोण?
— एक आजी, नाशिक

उत्तर : आजी, आपल्या जावयांची तक्रार मला पूर्णपणे पटते. शेजाऱ्याचे कारस्थान, खोटा आळ आणि शेवटी सत्याचा विजय हा मामला आपण सगळ्यांनी इतक्या वेळा पाहिलेला आहे की पहिल्या अर्ध्या तासातच शेवट कळतो. मधूनमधून येणारे निवेदनही मला खटकले. क्रिस ब्रिजेस, म्हणजे लुडाक्रिस या नावाने प्रसिद्ध असलेला रॅप गायक, ते उत्साहाने करतो. परंतु रानातली एखादी गोष्ट नुकती रंगू लागलेली असताना कोणी बाहेरून बोलू लागले की लहान मुलाचेही लक्ष मोडते. सर्वांत मोठी उणीव अशी की ज्यांच्यासाठी आपण चित्रपट पाहायला बसतो, त्या चार प्राण्यांच्या वाट्याला वेळच कमी येतो आणि भांडणाच्या वाट्याला फार येतो. क्लाय आँटींच्या भूमिकेत मेरी स्टीनबर्गन आहेत. ऑस्कर मिळालेल्या या अभिनेत्रीने ती भूमिका कुठेही हात न राखता केली आहे, म्हणून घरातले प्रसंग तरले आहेत.

आपण पत्रात पुढे लिहिलेली हकीकत मात्र मला या सगळ्या चर्चेपेक्षा महत्त्वाची वाटली, म्हणून ती इथे देतो. दुसऱ्या दिवशी सकाळी नातवाने स्वयंपाकघरात चौघांना ओळीने उभे केले. आईला 'टिंग', बाबांना 'घुर्र', ताईला 'पीं' आणि आपल्याला फक्त 'बू' एवढेच म्हणायचे, असे बजावले आणि स्वतः हातात उलथने घेऊन एकेकाकडे दाखवू लागला. कुकरची तिसरी शिट्टी झाली तरी त्याने कोणाला हलू दिले नाही. या मुलाला चित्रपटाचा गाभा नेमका कळला होता. हे चार प्राणी बोलत नाहीत. प्रत्येकाचा आवाज वेगळा आहे आणि ते आवाज एकत्र आले की त्यांचे संगीत होते. कथेतले इंग्रजी संवाद आपल्या नातवाला कळले असतील किंवा नसतील, परंतु एकट्याचा आवाज विचित्र वाटतो आणि चौघांचा जुळला की गोड लागतो, हे त्याला कोणी समजावून सांगावे लागले नाही. जावयांनी कथा पाहिली, नातवाने बाहुल्या पाहिल्या. मला विचाराल तर मी नातवाच्या शेजारी बसेन.

प्रश्न : २०१५ साली संगणकावर हवा तो प्राणी हुबेहूब उभा करता येत असताना रबर आणि लोकर स्पष्ट दिसणाऱ्या बाहुल्या वापरण्यात काय अर्थ आहे? मला त्या खोट्या वाटल्या.
— एक अभियंता, ठाणे

उत्तर : त्या बाहुल्या आहेत हे दिसते, हे खरे आहे, आणि ते लपवण्याचा प्रयत्नही कोणी केलेला नाही. परंतु आपण एक प्रयोग करून पाहावा, अशी माझी विनंती आहे. चित्रपट पुन्हा लावा आणि प्राण्यांकडे न पाहता टिमची भूमिका करणाऱ्या मुलाच्या चेहऱ्याकडे पाहा. समोर खरोखर काही असते तेव्हा माणसाची नजर एका ठिकाणी ठरते, अंग नकळत पुढे झुकते, हात लोकरीला लागतो तेव्हा बोटे तिच्यात रुततात. संगणकावर नंतर भरायच्या प्राण्यासाठी नटाला पुष्कळदा रिकाम्या जागेकडे पाहून अभिनय करावा लागतो. मोठे नट ते निभावून नेतात, लहान मुलाला ते फार जड जाते. बाहुली समोर असली की तिच्यावर आणि मुलावर एकच ऊन पडते, एकच वारा दोघांचे केस हलवतो.

या बाहुल्या ज्या परंपरेतून आल्या, तिची कार्यपद्धतीही समजून घेण्यासारखी आहे. ज्यांचे नाव या चित्रपटाला आहे, त्या अमेरिकी बाहुलीकार जिम हेन्सन यांच्या पद्धतीत बाहुलीकार चौकटीच्या खाली दडलेला असतो. स्टुडिओत त्यासाठी नेपथ्यच उंचावर उभारतात, म्हणजे त्याला उभे राहून हात वर धरता येतो. उघड्यावर चित्रीकरण असले की त्याला जमिनीवर उताणे पडून नाही तर खड्ड्यात बसून काम करावे लागते. त्याचा एक हात बाहुलीच्या तोंडात असतो आणि दुसरा बाहुलीचे हात हलवणाऱ्या बारीक काड्यांवर. स्वतःची बाहुली त्याला थेट दिसतच नाही. तो पायाशी ठेवलेल्या छोट्या पडद्यावर प्रेक्षकाला दिसेल तेच चित्र पाहत असतो, आणि ते चित्र आरशासारखे उलटे नसल्यामुळे बाहुली पडद्यावर डावीकडे न्यायची असेल तर कॅमेऱ्याकडे तोंड करून बसलेल्या माणसाला आपला हात उजवीकडे न्यावा लागतो. ही सवय अंगी मुरायला फार दिवस लागतात. एवढे करून जे साधायचे असते ते एकच : बाहुली नेमकी कोणाकडे पाहते आहे, हे प्रेक्षकाला कळले पाहिजे. ती नजर चुकली की उरते नुसती लोकर. टर्की हॉलोच्या रानात ती चुकलेली मला जाणवली नाही, आणि म्हणूनच मी त्या बाहुल्यांच्या बाजूने इतके आग्रहाने लिहितो आहे.

प्रश्न : जिम हेन्सन १९९० मध्ये वारले. मग २०१५ च्या चित्रपटाला त्यांचे नाव देणे ही दिशाभूल नाही का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : शंका रास्त आहे, पण या बाबतीत नाव देण्याला आधार आहे. मूळ कल्पना हेन्सन आणि त्यांचे लेखक-सहकारी जेरी जूल यांची, आणि ती १९६८ मधली. म्हणजे त्यांच्या बाहुल्यांमुळे गाजलेला 'सेसमी स्ट्रीट' हा मुलांचा कार्यक्रम सुरू होण्याच्या आदल्या वर्षीची. थँक्सगिव्हिंगच्या निमित्ताने दूरचित्रवाणीवर दाखवता येईल असा एक खास कार्यक्रम करायचा, असा त्यांचा बेत होता. बाहुल्या तयार झाल्या, त्यांची छायाचित्रेही काढली गेली, परंतु कार्यक्रम काही झाला नाही. पुढे हेन्सन यांच्या कामाचा व्याप इतका वाढला की हा बेत कागदपत्रांतच राहिला. २०१४ मध्ये रॉजर लँगरिज यांनी त्या कथेचे चित्रकथेच्या रूपात पुस्तक केले आणि त्याच्या पुढच्या वर्षी, २१ नोव्हेंबर २०१५ रोजी, लाइफटाइम वाहिनीवर हा चित्रपट आला. त्या वर्षीचा थँक्सगिव्हिंगचा गुरुवार पाचच दिवसांवर होता. दिग्दर्शक कर्क थॅचर यांनी त्याआधी मपेट्सचा, म्हणजे हेन्सन यांच्या प्रसिद्ध बाहुल्यांचा, २००२ सालचा नाताळचा दूरचित्रपटही केला होता.

तेव्हा कल्पना आणि प्राणी हेन्सन यांचे, पटकथा मात्र नव्या लोकांची, असे मी म्हणेन. आणि चित्रपटातील गुण-दोषांची वाटणीही साधारण त्याच रेषेवर होते, असे माझे मत आहे. सत्तेचाळीस वर्षे वाट पाहिलेल्या प्राण्यांना अधिक निवांत गोष्ट मिळायला हवी होती.

प्रश्न : माझी मुलगी चार वर्षांची आहे. ती घाबरेल का?
— एक आई, कोल्हापूर

उत्तर : प्राणी पहिल्यांदा दिसतात तोपर्यंत रान, अंधार आणि विचित्र आवाज आहेत, तेवढा वेळ तिला मांडीवर घ्या. आधी प्राण्यांची चित्रे दाखवलीत तर बहुधा त्याचीही गरज पडणार नाही.

प्रश्न : आमच्या शाळेतल्या मुलांनी पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्या पाहिलेल्या आहेत. त्यांना हा चित्रपट दाखवला तर तुलना कशी करून द्यावी?
— एक शिक्षिका, कुडाळ

उत्तर : बाई, आपली मुले भाग्यवान आहेत. पिंगुळीच्या ठाकर समाजाने जपलेल्या आणि परशुराम गंगावणे यांच्या २०२१ मधील पद्मश्रीमुळे देशभर पोहोचलेल्या या कलेत बाहुलीला वरून दोऱ्यांनी खेळवतात आणि ती संपूर्ण देहाने बोलते. तिचा चेहरा लाकडी, कोरलेला आणि स्थिर असतो. राम आणि रावण यांच्यातला फरक चालीवरून, मानेच्या झटक्यावरून आणि सूत्रधाराच्या आवाजावरून कळतो. हेन्सन पद्धतीची बाहुली खालून, हाताने चालते. कॅमेरा तिच्या अगदी जवळ जात असल्यामुळे तिचे बहुतेक सगळे काम डोळे आणि तोंड यांवर असते. 'गली गली सिम सिम' या हिंदी कार्यक्रमातली चमकी आपल्या विद्यार्थ्यांच्या मोठ्या भावंडांना आठवत असेल, ती याच घराण्यातली. मुलांना चित्रपट दाखवताना मध्ये एकदा आवाज पूर्ण बंद करा आणि कोणता प्राणी काय म्हणतो आहे, ते विचारा. नंतर तोच प्रयोग गावातल्या खेळाच्या वेळी मनातल्या मनात करायला सांगा. मुले जे सांगतील ते मला अवश्य कळवा.

प्रश्न : कथाही चांगली आणि बाहुल्याही चांगल्या, असा सणावारी पाहण्याजोगा एखादा दूरचित्रपट सुचवाल का?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : विनासंकोच सुचवतो : 'एमेट ऑटर्स जग-बँड ख्रिसमस'. हा हेन्सन यांनी स्वतः दिग्दर्शित केला, १९७७ च्या डिसेंबरात तो प्रथम कॅनडात दाखवला गेला आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत. नदीकाठी राहणारा एमेट हा पाणमांजराचा पोरगा आणि त्याची विधवा आई, दोघेही गरीब. नाताळला एकमेकांना चांगली भेट द्यायची म्हणून दोघेही पन्नास डॉलर बक्षिसाच्या गायनस्पर्धेत गुपचूप उतरतात. त्यासाठी आई मुलाची हत्यारे गहाण टाकते, आणि मुलगा वाद्य करण्यासाठी आईच्या कपडे धुण्याच्या टबाला भोक पाडतो. त्याच टबावर तिचे पोट चालते. ते भोक पाडायच्या आधीची त्याची घालमेल मी कितीदा पाहिली असेल, पण अजूनही त्या ठिकाणी माझा घसा दाटतो. आणि स्पर्धा ती दोघे जिंकत नाहीत, हे मला फार मोठे धाडस वाटते. पॉल विल्यम्स यांची गाणी आहेत, स्टुडिओत खऱ्या पाण्याची नदी केलेली आहे आणि एमेट त्यात होडी वल्हवतो. ती होडी दूरनियंत्रणाने चालवलेली होती.

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने चित्रपट पाहून मोज्याची बाहुली केली, पण ती 'जिवंत वाटत नाही' म्हणून तो रडवेला झाला आहे. काही उपाय?
— एक बाबा, औरंगाबाद

उत्तर : आपण पाठवलेले छायाचित्र पाहिले. हिरवा मोजा उत्तम निवडला आहे आणि तोंडाच्या आत लावलेला लाल पुठ्ठाही व्यवस्थित बसला आहे. अडचण डोळ्यांची आहे. दोन पांढरी बटणे एकमेकांपासून फार लांब शिवली गेली आहेत आणि त्यांवरचे काळे ठिपके बरोबर मध्यभागी काढले आहेत, त्यामुळे बाहुली कुठेच पाहत नाही. टाके उसवून बटणे नाकाच्या जवळ आणा आणि काळे ठिपके दोन्हींवर किंचित नाकाच्या बाजूला काढा, अगदी तांदळाच्या दाण्याएवढे आत. मग मुलाला सांगा की बोलताना वरची चार बोटे शक्यतो हलवायची नाहीत, अंगठा खाली न्यायचा. नाहीतर प्रत्येक अक्षराला बाहुलीचे डोके आभाळाकडे उडते. आधी तिला काही बोलायला लावूच नका. ताटातल्या पोळीकडे पाहू दे, मग आपल्याकडे, मग पुन्हा पोळीकडे. तेवढे जमले की तिला एखादा आवाज द्या, आणि दुसऱ्या हातासाठी दुसरा मोजा शोधा.