गेलेला कर परत येतो का? वाचकांचे प्रश्न

मी निवृत्त शिक्षक, सांगलीच्या विश्रामबागेत राहतो. पेन्शन महिना ४० हजार. आयकर रद्द करून बँकेत जमा होणाऱ्या रकमेवर २ टक्के कर लावावा, हे मला पटतं. तुमचं मत?

सर, आधी तुमचंच गणित मांडू. वर्षाचे ४ लाख ८० हजार. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंत कर लागत नाही, म्हणजे तुमचा आयकर आजच शून्य. २ टक्के आले की दर महिन्याला पेन्शनमधून ८०० रुपये कापले जाणार, वर्षाला ९,६००. हा कर सुचवणाऱ्या 'अर्थक्रांती' संस्थेच्या मांडणीत जीएसटीही जातो, त्यामुळे किराणा थोडा स्वस्त होईल, हे मान्य. पण २०२५-२६ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात रुपयातले २२ पैसे आयकराचे, १७ कंपनी कराचे, १८ जीएसटी वगैरेंचे. एवढं सगळं एकाच करातून काढायचं, तर दर दोनावरच थांबेल याची हमी कोण देणार?

माझी मार्केट यार्डात हळदीची अडत आहे. रिटर्नची कटकट जाईल म्हणून मला हा कर बरा वाटतो.

कटकट जाईल, पण पट्टी, म्हणजे सौद्याच्या हिशेबाचा कागद, बघा. खरेदीदाराचे १ लाख तुमच्या खात्यावर आले की २ हजार गेले. तुम्ही शेतकऱ्याला पाठवले की त्याचेही जवळजवळ तेवढेच. मिलवाल्याने पावडर विकली, पुन्हा कर. जीएसटीत मागे भरलेला कर वजा मिळतो, इथे करावर कर चढत जातो. समजा तुमची अडत, म्हणजे दलाली, ३ हजार, त्यातले २ हजार सरकारचे! उरलेल्या हजारात हमाल, दिवाणजी आणि दुकानाचं भाडं बसवून दाखवा. मग सौदे पुन्हा चिठ्ठीवर आणि रोखीत होतील, हे मी सांगायला नको.

पुढारी म्हणतात जुना कर काढू, नवा लावू. शेवटी दोन्ही भरावे लागतात. विश्वास ठेवायचा कसा? (मिरजेचे एक व्यापारी)

तुमचा संशय खोटा नाही. २००४ साली शेअरच्या खरेदी-विक्रीवर एसटीटी हा कर आला, त्या बदल्यात दीर्घ मुदतीच्या नफ्यावरचा कर काढला. २०१८ मध्ये तो कर परत आला, एसटीटी मात्र गेला नाही. २०१५ साली राज्याने दुष्काळाच्या नावाने पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे २ रुपये लावले. पुढच्या पावसाळ्यात पाऊस बरा झाला, अधिभार काही उतरला नाही.

उलट उदाहरणही आपल्याच जिल्ह्याचं आहे. विधान परिषदेचे सभापती राहिलेले विसापूरचे वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी १९६९ मध्ये तासगाव तालुक्यातल्या काही गावांत करून पाहिली गेली. पुढे तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. तुमच्या नोकरांच्या पगारातून महिना २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात, तो हाच. आज रोजगार हमीचा बराचसा खर्च केंद्र उचलतं, कर चालूच आहे, तेव्हा इथेही पूर्ण सरळ हिशेब नाहीच. पण १९८८ पासून तो वर्षाला २,५०० च्या वर गेलेला नाही. पुढाऱ्यांचं मन मोठं म्हणून नव्हे. राज्यघटनेच्या २७६ व्या कलमात ती मर्यादाच लिहिली आहे आणि ती वाढवायला घटनादुरुस्ती लागते. म्हणून नवा कर कुणी आणला की मी भाषण ऐकत बसत नाही. जुना कर कोणत्या कलमाने रद्द होतो आणि नव्याच्या दराला वरची मर्यादा आहे का, एवढं मसुद्यात शोधतो. आजवर बहुतेक वेळा दुसरं सापडलेलं नाही.

आयकर गेला तर शेतीवर कर बसेल का? (तासगाव, द्राक्ष बागायतदार)

शेती उत्पन्नावर कर लावायचा अधिकार संसदेला नाही, तो राज्यांचा. आणि बेदाण्याचं म्हणाल, तर शेतकऱ्याने स्वतः विकलेल्या बेदाण्यावर जीएसटी नाही, हे परिषदेने डिसेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. व्यापाऱ्याने तुमच्या पट्टीतून तो कापला असेल तर पट्टी घेऊन या.

आई ६८ वर्षांची, शिलाईचं दुकान चालवते. तिला व्यवसाय कर?

नाही. महाराष्ट्रात ६५ वर्षांवरच्यांना तो माफ आहे. वयाचा दाखला तेवढा हाताशी ठेवा.