मुलीचा पाय भराभर वाढतोय. फिगर स्केटिंगचे बूट दोन नंबर मोठे घेतले तर चालतील का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी आठ वर्षांची आहे, सहा महिने बर्फाच्या रिंकवरचे भाड्याचे स्केट वापरतेय आणि आता कोचने स्वतःचे बूट घ्यायला सांगितलंय. पाय वाढतोय म्हणून दोन नंबर मोठे घ्यायचे आणि आत जाड मोजे घालायचे, असा तुमच्या घरी विचार चाललाय. कृपा करून तसं करू नका. मी नेमकं हेच केलं होतं.

माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. मोठे बूट, आत दोन-दोन मोजे. पुढचे चार महिने एका पायावर सरकताना तिचा घोटा आतल्या बाजूला पडत राहिला. मी बाहेरून ओरडायचे, पाय सरळ ठेव. ती बिचारी जीव तोडून प्रयत्न करायची, पण बूट पाय धरतच नव्हता. पाय हलू नये म्हणून नाड्या इतक्या आवळाव्या लागायच्या की घोट्यापुढे लाल वळ उठायचे, आणि टाचेला फोड यायचे ते वेगळेच. शेवटी एका दिवशी कोचने तिच्या नाड्या बांधलेल्या असताना बूट खाली दाबून धरला आणि तिला टाच वर उचलायला सांगितली. टाच आतल्या आत चांगली बोटभर वर आली. नवीन, मापाचे बूट घेतल्यावर दोन-तीन आठवड्यांत तिचा घोटा सरळ राहायला लागला. मी चार महिने तिला रागावले आणि चूक तिची नव्हतीच, याचं मला अजून वाईट वाटतं.

असं का होतं ते सांगते. ब्लेड जेमतेम चार मिलिमीटर जाड असतं. त्याच्या तळाला मधोमध खोलगट खाच आणि दोन बाजूंना दोन धारा असतात. फिगर स्केटिंग म्हणजे जवळजवळ सगळा वेळ यातल्या एकाच धारेवर उभं राहणं. पायाने केलेली बारीकशी हालचाल बुटातून ब्लेडपर्यंत पोचली पाहिजे. टाच आत सैल असेल तर पाय आधी बुटातल्या रिकाम्या जागेत हलतो आणि ब्लेड मागाहून हलतं, तेही वेड्यावाकड्या पद्धतीने. म्हणून बूट निवडताना बहुतेक पालक बोटांची काळजी करतात, पण माझ्या मते आधी बघायची ती टाच. टाच घट्ट बसली की बाकीच्या बऱ्याच गोष्टी जमवून घेता येतात. ती बसली नाही तर काहीही जमत नाही, आणि जाड मोज्यांनीही ती बसत नाही, कारण मोजा दाबला जातो आणि घसरतो. मोजा एकच आणि पातळ हवा.

माप घरच्या घरी घ्या, पण संध्याकाळी, कारण दिवसभराने पाय थोडे सुजलेले असतात. कागदावर मुलीला दोन्ही पायांवर वजन टाकून उभं करा, पेन्सिल अगदी सरळ उभी धरून बाह्यरेषा काढा, आणि टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा. सगळ्यात लांब बोट अंगठाच असेल असं नाही. चवड्याची सगळ्यात रुंद जागाही मोजा. दोन पायांत फरक निघाला तर मोठ्या पायाचं माप धरा. मग ज्या कंपनीचे बूट घ्यायचे तिचाच तक्ता बघा. रोजच्या बुटाचा नंबर इथे फारसा उपयोगाचा नाही. स्केटचा नंबर बहुधा त्याहून एक ते दीडने लहान निघतो, आणि एडियासारखी कंपनी तर थेट मिलिमीटरमध्येच माप देते. जॅक्सन, रीडेल यांचे बरेच बूट एकाच लांबीत वेगवेगळ्या रुंदीत मिळतात. पाय रुंद असेल तर रुंद बूट मागा. लांबी वाढवून रुंदी मिळवायला गेलात की टाच सैल झालीच म्हणून समजा.

बूट घालून बघताना घाई करू नका. आधी नाड्या पूर्ण सैल करून पाय पुढे सरकवा, बोटं टोकाला टेकू द्या आणि गुडघा वाकवायला सांगा. टाचेमागे पेन्सिल जाईल एवढी फट असली तर ठीक. वाढीसाठी मिळते ती एवढीच जागा. बोट आरामात जात असेल तर बूट मोठा आहे. मग टाच मागे ठोकून बसवा आणि नाड्या बांधा: बोटांकडे थोड्या सैल, पाय जिथे वाकतो तिथे घट्ट, वरच्या हुकांना पुन्हा जराशा मोकळ्या. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकेच टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवल्यावर मागे येऊन मोकळी झाली पाहिजेत. बोटं दुमडत असतील तर बूट लहान आहे. दोन्ही बाजूंच्या नाड्यांच्या रांगा जवळजवळ समांतर राहायला हव्यात. त्या एकमेकींना चिकटत असतील तर बूट तिच्या पायाला रुंद आहे. आणि शेवटी आमच्या कोचने केली तीच परीक्षा करा: तुम्ही बूट खाली धरा, तिला टाच उचलू द्या. मुलांना विचारलं की ती 'छान आहे' म्हणतात, कारण त्यांना बूट हवेच असतात. म्हणून तिच्या शब्दांपेक्षा तुमच्या हाताला काय जाणवतं ते धरा. वीसेक मिनिटं बूट पायात राहू द्या. नवा बूट कडक आणि आवळ वाटणारच, पण पाय बधिर होत असेल किंवा एकाच जागी टोचत असेल तर ते आवळपण नव्हे.

कडकपणाबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण मोठे नंबर टाळणारे पालकही इथे चुकतात. पुढे उड्या शिकणार म्हणून आत्ताच वरच्या पातळीचे दणकट बूट घेतले जातात. आठ वर्षांच्या हलक्या मुलीला असा बूट वाकवताच येत नाही, आणि गुडघा वाकला नाही तर ती काहीच शिकत नाही. नाड्या बांधून गुडघे वाकवल्यावर गुडघा बोटांच्या पुढे यायला हवा, टाच न उचलता. कंपन्या कडकपणाला अंक देतात, पण एका कंपनीचा अंक दुसरीच्या अंकाशी ताडून बघू नका. ती आत्ता काय करते आणि तिचं वजन किती, हे सांगून कोचलाच विचारा.

सुरुवातीच्या बुटांना ब्लेड लावलेलंच येतं. बर्फावर उतरण्याआधी धार नीट करून घ्या, आणि ब्लेडच्या पुढच्या टोकाचे दात घासून काढू देऊ नका. ते पुढे लागतात. काही बूट गरम करून पायाच्या आकाराचे करता येतात. ते काम दुकानातच होऊ द्या, घरच्या ओव्हनमध्ये नाही. बूट मापाचा असूनही वाढत्या वयात टाच दुखत राहिली तर ती वाढीशी संबंधित दुखणीही असू शकतात. तेव्हा दुकानाऐवजी डॉक्टरांकडे जा.

राहिला खर्चाचा प्रश्न, कारण दोन नंबर मोठे घेण्यामागे तोच असतो. त्यावर माझं उत्तर म्हणजे मापाचे, पण वापरलेले बूट. मुलांचे पाय वाढत असल्यामुळे कमी वापरलेले बूट रिंकवर बऱ्याचदा मिळतात. घेण्याआधी घोट्याजवळ खोल घडी पडली आहे का बघा. बूट हातात धरून वरचा भाग बाजूला दाबा. तो सहज लवत असेल तर बूट संपला. आतला पातळ तळ काढून बघा, आधीच्या मुलाच्या पायाचे खळगे फार खोल असतील तर सोडून द्या. स्क्रू घट्ट आहेत ना, आणि ब्लेड धार लावून लावून झिजलेलं तर नाही ना, हेही तपासा.

एकदा बूट आले की तो आतला तळ दर महिन्याला बाहेर काढा आणि मुलीला त्याच्यावर उभं करा. बोटं काठाबाहेर यायला लागली की पुढचे बूट शोधायला घ्या.