पावती क्रमांक 217

"मॅडम, ऑक्टोबरात मला सत्तावीस पूर्ण होतील. पदवी आहे, अनुभव शून्य. आता कुठून सुरुवात करू?"

करिअर समुपदेशनाच्या माझ्या कामात हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळतो. वय बदलतं, पदवी बदलते, बाकी वाक्य तेच. त्यातल्या एका मुलीची गोष्ट सांगते. तिला मंजिरी म्हणू. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

मंजिरी बार्शीकडची. वडील एसटीत कंडक्टर. चौथीत शिष्यवृत्ती मिळाली, शाळेत सत्कार झाला आणि पाहुणे म्हणून आलेल्या साहेबांनी माइकवरून सांगून टाकलं, "ही पोरगी कलेक्टर होणार." झालं! किराणा दुकानदारापासून चुलत्यांपर्यंत सगळे तिला ‘कलेक्टरीणबाई’ म्हणायला लागले. बारावीला सायन्स, मेडिकलइतके मार्क नाहीत, मग बीएस्सी केमिस्ट्री. पदवी 2020 मध्ये, टाळेबंदीत. 2021 ला राज्यसेवेच्या, म्हणजे एमपीएससीच्या तयारीसाठी पुणे, सदाशिव पेठेत चौघींची खोली. खोली, मेस, अभ्यासिका धरून महिन्याला साडेनऊ हजार घरून येत. दोनदा पूर्व निघाली, मुख्य काही निघाली नाही. 2023 च्या सुरुवातीला अलका टॉकीज चौकात मुलं आंदोलनाला बसली होती, मुख्य परीक्षेची नवी वर्णनात्मक, म्हणजे सविस्तर उत्तरं लिहायची पद्धत 2025 पासूनच लागू करा म्हणून. त्यांत हीसुद्धा होती. मागणी मान्य झाली. पण 2025 उजाडलं तेव्हा निवड यादीत हिचं नाव आलेलं नव्हतं, आणि पुढे अभ्यासाची सगळी पद्धतच नवी होती.

वडिलांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. माझ्याकडे ती आली ती घरी न सांगता.

पहिल्या भेटीत ती बोलली आणि मी ऐकलं. दुसऱ्या भेटीत मी चूक केली. ‘प्लॅन बी’ हा शब्द वापरला. तिने फाइल बंद केली, "बरं मॅडम" म्हणाली आणि तीन आठवडे फिरकली नाही. माणूस जिथे सतरा वर्षं राहिलाय ते घर सोडताना तुम्ही त्याला दुसऱ्या फ्लॅटची जाहिरात दाखवायची नसते, हे मला इतक्या वर्षांनी तरी कळायला हवं होतं. ती परत आली तेव्हा मी पर्याय काढले नाहीत. म्हटलं, कलेक्टर झाली असतीस तर पहिल्या दिवशी काय केलं असतंस?

ती थांबली. मग म्हणाली, "गावात गाडी घेऊन गेले असते."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

दुसरा दिवस तिच्याकडे नव्हता. हसली, आणि मग बराच वेळ रडली. मी पाण्याची बाटली पुढे सरकवली, एवढंच.

राज्यसेवेला वयोमर्यादा खुल्या गटासाठी 38 आणि मागासवर्गीयांसाठी 43 आहे. ही सवलत गरजेची आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण तिच्यामुळे ‘आता बास’ असं सांगणारी घंटा वाजतच नाही. पुढची जाहिरात कायम असतेच. म्हणून घंटा आपली आपण बांधून घ्यावी लागते. आम्ही कागदावर लिहिलं: किती पैसे उरले, घरून किती महिने येतील, आणि मागच्या सहा महिन्यांत अभ्यास खरोखर किती तास झाला. तिसऱ्या आकड्याशी ती अडली. रोज अभ्यासिकेत दहा तास बसत होती. वाचत होती दोन.

कल चाचणीही घेतली. निकाल आला: आकडेमोड चांगली, तपशिलाकडे लक्ष, लोकांशी बोलण्यात मध्यम. असल्या निकालावर निम्मा महाराष्ट्र बसवता येईल. चाचण्या निरुपयोगी नाहीत, पण त्या दिशा दाखवतात, घर क्रमांक सांगत नाहीत.

घर क्रमांक सापडला तो भलतीकडेच. चौथ्या भेटीनंतर फी देऊन ती पावती बघत उभी राहिली. "मॅडम, मागच्या वेळची माझी पावती 216 होती. आज 218. मधे कुणी आलंच नव्हतं ना? मी आत होते तोवर बाहेर कुणी नव्हतं, आणि मागच्या वेळीही शेवटची मीच होते."

आमच्या मावशींनी पावतीपुस्तक उघडलं. 217 चं पान चिकटलं होतं, कोरंच उलटलं गेलं होतं. मावशी खजील. मी तिला परत आत बसवलं. हे तू बघतेस कशाला?

मग वेबिल निघालं, म्हणजे कंडक्टरच्या तिकीटविक्रीच्या हिशेबाचा कागद. वडिलांची मुक्कामी ड्यूटी गावालाच असायची तेव्हा ते तिकिटांचा ट्रे आणि पैशांची बॅग घेऊन घरी येत. मशीन यायच्या आधीची गोष्ट, कागदी तिकिटांची. रात्री जेवण झालं की सतरंजीवर ट्रे. प्रत्येक किमतीच्या गड्डीचा सुरुवातीचा नंबर, शेवटचा नंबर, वजाबाकी, गुणाकार, मग नोटा आणि चिल्लर. नऊ वर्षांची मंजिरी वजाबाक्या करायची. कमी भरलं तर वडिलांच्या खिशातून जायचं. जास्त भरलं तरी धाकधूकच, कुणाला तिकीट द्यायचं राहिलं की काय. "एकदा साडेअकरा रुपये जुळेनात. आई म्हणाली झोपा आता. आम्ही दोघं एक वाजेपर्यंत बसलो. पाच रुपयांच्या गड्डीत एक तिकीट उलटं चिकटलेलं निघालं आणि साडेसहाचं मी दोनदा धरलं होतं." हे सांगताना तिचा आवाज पहिल्यांदा मोकळा होता. कलेक्टरच्या गोष्टीत असा एकही आकडा नव्हता.

लहानपणी काय व्हायचं होतं, यात मला फारसा रस उरलेला नाही. ते बहुतेक वेळा माइकवरून मिळालेलं असतं. लहानपणी कुणी न सांगता काय करत बसायचात, झोप आली तरी काय सोडवत नव्हतं, हे मी विचारते. दरवेळी त्यातून काही निघतंच असं नाही. एका मुलाचं उत्तर ‘मासे बघत बसायचो’ होतं. त्याचं पुढे काय करायचं ते आम्हा दोघांनाही अजून उमगलेलं नाही.

मंजिरीच्या बायोडेटात 2021 ते 2025 कोरं होतं. खाली छंद: वाचन, संगीत ऐकणे. विचारता विचारता कळलं की दीड वर्ष ती अभ्यासिकेच्या काउंटरवर संध्याकाळी बसत होती, फी माफ म्हणून. एकशे चाळीस खुर्च्या, कुणाची फी कधी संपते, डिपॉझिट कुणाचं परत द्यायचं, सगळं हिच्या वहीत. हे लिहिलं का नाहीस? "ते काय काम थोडंच आहे?" ते वर घेतलं, छंद उडवले.

गॅपचं उत्तर आरशासमोर म्हणून घेतलं: "चार वर्षं राज्यसेवेचा अभ्यास केला, दोनदा पूर्व पास झाले, मुख्य झाली नाही, आता थांबलेय." त्यापुढे पूर्णविराम. कोविड, पेपरफुटी, नशीब, काही नाही. समोरच्याला गॅप खटकत नाही इतकी आपली चुळबुळ खटकते.

आणि दिशा: जी.डी.सी. अँड ए., म्हणजे सहकार खात्याची सहकार व लेखा पदविका परीक्षा. कोणत्याही शाखेचा पदवीधर परीक्षेला बसू शकतो, केमिस्ट्रीवालाही. राज्यात दोन लाखांवर सहकारी संस्था आहेत, पतसंस्था, दूध संस्था, गृहनिर्माण सोसायट्या, आणि प्रत्येकीचं लेखापरीक्षण दरवर्षी व्हावंच लागतं. ही पदविका, लेखापरीक्षणाचा किमान तीन वर्षांचा अनुभव आणि कामापुरती मराठी, एवढ्यावर प्रमाणित लेखापरीक्षक होता येतं. झगमगाट नाही. सुरुवातीचा पगारही बेताचाच, हे मी आधीच सांगितलं.

अकरा ठिकाणी अर्ज, तीन मुलाखती. कोथरूडच्या एका लेखापरीक्षकांनी चौदा हजारांवर मदतनीस म्हणून घेतलं. घरी सांगायला मात्र तिने आणखी महिना लावला. आई दोन दिवस बोलली नाही. वडिलांनी विचारलं, "मग काम काय असतंय तिथं?" ती म्हणाली, "दुसऱ्यांचं वेबिल जुळवायचं." आता रात्री फोनवर ते जेवलीस का विचारायच्या आधी "जुळलं का गं?" विचारतात.

परवा आली होती. एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी वर्षभराची व्हाउचरं मिठाईच्या खोक्यात भरून दिली, ते हातवारे करून सांगत होती. जाता जाता म्हणाली, राज्यसेवेचा फॉर्म यंदाही भरलाय.

मी बघत राहिले. "अभ्यास नाही करणार. नुसतं बसून येणार, पेपर कसा येतो बघायला."

मी काही म्हटलं नाही. तिने बाहेर जाऊन फी दिली, पावतीचा नंबर पाहिला आणि मावशींना मान डोलावली.