चाचणीत पास, फॉर्मात नापास

प्रश्न : माझं वय ३९. कामं पुढे ढकलणं, अर्धवट सोडणं, विसरणं यामुळे मानसशास्त्रज्ञांकडे गेलो. रोजची कामं सुरू करणं, लक्षात ठेवणं, आखणं कितपत जमतं हे विचारणाऱ्या 'ब्रीफ-ए' प्रश्नावलीत माझा एकूण टी-स्कोअर ७१ आला. माझ्याबद्दल पत्नीने भरलेल्या फॉर्मात ५८. आणि चाचण्यांत सगळं नॉर्मल! खरं काय? मी उगाच बाऊ करतोय का?
— एक वाचक

उत्तर : बाऊ अजिबात नाही. पण ७१ हा आकडा थर्मामीटरवरच्या तापासारखाही वाचू नका. टी-स्कोअरमध्ये सरासरी ५० धरतात आणि ६५च्या पुढे गेलं की आम्ही कान टवकारतो. तुमच्या वयाची माणसं स्वतःबद्दल जेवढ्या तक्रारी सांगतात, त्या मानाने तुमच्या बऱ्याच जास्त आहेत, एवढंच ७१ सांगतो. कारण सांगत नाही.

तुम्ही ७५ विधानं वाचून प्रत्येकापुढे 'कधीच नाही', 'कधीकधी' किंवा 'बऱ्याचदा' अशी खूण केली असेल. आता 'बऱ्याचदा' म्हणजे किती? आठवड्यातून एकदा किल्ली शोधणारा एक जण निवांत 'कधीकधी' लिहितो, दुसरा कपाळावर हात मारून 'बऱ्याचदा'. मन खचलेलं असेल, झोप उडालेली असेल, तर पेन आपसूक शेवटच्या रकान्याकडे वळतं. म्हणूनच उत्तरं अवाजवी नकारात्मक किंवा परस्परविसंगत नाहीत ना, हे पाहायची सोय या प्रश्नावलीतच आहे. ते पाहिलं का, आणि नैराश्य-चिंतेची तपासणी झाली का, हे जरूर विचारा.

आता चाचण्या. स्ट्रूप चाचणीत 'लाल' हा शब्द निळ्या शाईत छापलेला असतो आणि तुम्ही शाईचा रंग सांगायचा. शांत खोली, एकच काम, 'करा सुरू' म्हणायला समोर परीक्षक. तुमचं घोडं अडतं ते नेमकं सुरुवातीला, आणि ती तर तिथे दुसराच कुणी करून देतो! २०१३ मध्ये टोपलॅक, वेस्ट आणि स्टॅनोविच यांनी २० अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा अशा चाचण्या आणि प्रश्नावल्या यांच्यातल्या सहसंबंधाचा मध्यक (मधला आकडा) जेमतेम ०.१९ निघाला; ० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे तंतोतंत जुळणं. दोन्हींचं मोजणंच वेगळं. तरीही 'चाचण्या नॉर्मल, सबब तक्रार निराधार' असं अहवालात वाचलं की माझं डोकं फिरतं.

पत्नीच्या ५८ वरून घरात वाद नको. बाईंना दिसतं तेवढंच त्या लिहिणार. ऑफिसातली धावपळ त्यांना दिसत नाही. आणि बिलं, कागदपत्रं त्याच सांभाळत असतील, तर तुमच्या चुका व्हायला जागाच कुठे उरते? (डोक्याला मार लागलेल्यांत कधीकधी उलटं होतं : रुग्ण म्हणतो मी ठणठणीत, घरचे हवालदिल.)

एकूण आकड्यापेक्षा नऊ उपविभागांचे गुण मागून घ्या. कामाची सुरुवात, स्मरण, नियोजन, भावनांवर ताबा... नेमकं कुठे चढलंय ते कळेल. जिथे 'बऱ्याचदा' लिहिलंत, त्या प्रत्येक विधानापुढे अलीकडचा एक प्रसंग लिहा : कोणतं काम, कधी, कशामुळे राहिलं. प्रसंग आठवेचना, तर तेही लिहा. आणि हे लहानपणापासूनचं की अलीकडचं, ते स्पष्ट सांगा. शाळेपासूनचं असेल तर एडीएचडीच्या (लहानपणापासून लक्ष न टिकणं, उतावळेपणा) दिशेने तपास होईल. अलीकडचं असेल तर आधी झोप, थायरॉइड, चालू औषधं आणि मनावरचा ताण पाहावा लागेल.