स्टँड-अप कॉमेडियनला माहितीपटाचा निवेदक करतात ते निव्वळ नावासाठी का? आणि असं करिअर टिकतं का?

पहिल्या भागाचं उत्तर : हो, बहुतेकदा नावासाठीच. चॅनलला ओळखीचा चेहरा लागतो. पण तुमचा तो ‘निव्वळ’ मला झोंबला, कारण हाच शब्द मी एकदा तोंडावर ऐकून घेतलाय.

मी साउंड रेकॉर्डिस्ट. बरीच वर्षं ब्रिटनमध्ये काम केलं. एका माहितीपटाचा विषय होता स्कॉटलंडची दीपगृहं. तिथलं माणसांनी चालवलेलं शेवटचं दीपगृह, फेअर आयल साउथ, १९९८ साली स्वयंचलित झालं. त्यामुळे दिवा सांभाळणारी माणसं आता सगळी म्हातारी. निवेदक एक स्टँड-अपवाला. नाव घेत नाही.

मुलाखत एका म्हाताऱ्याच्या स्वयंपाकघरात. मी फ्रिज बंद केला आणि गाडीची किल्ली आत ठेवली (म्हणजे निघताना तो चालू करायचा राहत नाही). स्वेटरला घासणारा माईक टेपने दाबून बसवला. दिग्दर्शकाने प्रश्न लिहून दिले होते : पायऱ्या किती, दिवा किती वाजता लावायचा वगैरे. गड्याने त्यातले दोन विचारले, कागद मांडीखाली सारला आणि म्हणाला, “खडकावर महिना-महिना काढायचात. भांडायचात कुणाशी?”

म्हातारा गप्प. दुसरा कुणी असता तर घाबरून पुढचा प्रश्न टाकला असता. हा हलेना. रोज रात्री हजार लोकांसमोर शांतता सोसायची सवय असते त्यांना. माझ्या हेडफोनमध्ये फक्त म्हाताऱ्याचा श्वास.

“बायकोशी,” तो म्हणाला. “ती तिकडे घरी. म्हणून तिची बाजूही मीच मांडायचो.” जरा थांबला. “तरी तीच जिंकायची.”

मी फिस्सकन हसलो. साउंडवाल्याने टेकमध्ये हसणं म्हणजे आचाऱ्याने पातेल्यात शिंकणं. दिग्दर्शक ओरडला, कट, पुन्हा. म्हाताऱ्याने बिचाऱ्याने पुन्हा सांगितलं, शब्दही तेच, पण आता पाठ केल्यासारखं. ‘तरी’च्या आधी थांबायचंच विसरला. निवेदक म्हणाला, पहिलाच टेक ठेवा, हसण्यासकट. प्रसारित झाला दुसरा. त्या संध्याकाळी मी विषय काढला तर दिग्दर्शक म्हणतो, “तो निव्वळ चेहरा आहे, आणि तू निव्वळ माईक.”

असो. करिअरचं म्हणाल तर बिली कॉनोली बघा. ग्लासगोच्या जहाजगोदीत वेल्डर, मग बँजो, मग विनोद. १९९४ मध्ये बीबीसीवर त्याची स्कॉटलंडची भ्रमंती आली, त्यात गावं-डोंगर आणि मधेमधे स्टेजवरचा कार्यक्रम. मग १९९६ ला ऑस्ट्रेलिया, २००४ ला न्यूझीलंड, २०११ ला अमेरिकेचा रूट ६६. २०१३ मध्ये पार्किन्सन्सचं निदान जाहीर झालं आणि पुढच्याच वर्षी पठ्ठ्याने मरण आणि अंत्यविधी याच विषयावर मालिका केली. वीस वर्षं झाली की. आणखी काय टिकायचं राहिलं?

आयरिश कॉमेडियन डारा ओ ब्रिअन गणित आणि सैद्धांतिक भौतिकशास्त्र शिकलेला, म्हणून २०११ पासून भौतिकशास्त्रज्ञ ब्रायन कॉक्सच्या शेजारी उभा राहून आकाशाबद्दल बोलताना तो उसना वाटला नाही. कॉमेडियन बिल बेलीने २०१३ मध्ये निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेसवर दोन भाग केले. पक्ष्यांचं वेड त्याला आधीपासूनच. ज्यांना स्वतःला काही जाणून घ्यायचं असतं ते टिकतात, बाकीचे एका मालिकेत आटपतात. मायकेल पेलिनचं उदाहरण मात्र देऊ नका. १९८९ ची त्याची जगप्रदक्षिणा झकासच, पण तो माँटी पायथन या विनोदी कंपूतला, म्हणजे छोटी प्रहसनं करणारा, स्केचवाला. एकट्याने माईक धरून उभं राहणं वेगळं.

तुम्ही स्वतः या वाटेला जाणार असाल तर करारात एडिटमध्ये बोलायचा हक्क मागा. मिळणार नाही, तरी मागा. आणि दिग्दर्शक कसा आहे ते टेकमध्ये कुणी हसलं की कळतं.

आता खरं सांगायचं तर मी दोनच कॉमेडियनबरोबर काम केलंय. दुसऱ्याला प्रत्येक वाक्यावर कोटी सुचायची, आणि समोरचा माणूस अंग चोरून बसायचा. त्याच्यापेक्षा कुठलाही रटाळ प्राध्यापक परवडला. म्हणजे दिग्दर्शकाचं एखाद्या वेळी बरोबरही असेल. पण त्या दिवशी नव्हतं. मी नंतर ट्रॅक उघडून बघितला : माझं हसू ‘जिंकायची’ संपल्यावर चांगल्या एका सेकंदाने आलंय. सहज कापता आलं असतं. त्याला मराठी येत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.