वाचकांचे प्रश्न : सोसायटीच्या बिलात प्रत्येक रकान्याचे माप निराळे

प्रश्न : ठाण्यातील आमच्या सोसायटीत २४ सदनिका आहेत. त्यांपैकी १२ सदनिका ४५० चौरस फुटांच्या आणि १२ सदनिका ७५० चौरस फुटांच्या आहेत. आजवर सर्वांना सारखे बिल येत असे. यंदा वार्षिक सभेला हजर असलेल्यांच्या बहुमताने संपूर्ण देखभाल खर्च चौरस फुटांवर आकारण्याचा ठराव झाला. माझी सदनिका मोठी आहे. हा ठराव माझ्यावर बंधनकारक आहे का? माझी मागणी एवढीच, की पूर्वीप्रमाणे सगळेच सारखे असावे.

उत्तर : प्रथम तुमची इमारत कोणत्या कायद्याखाली नोंदलेली आहे ते पाहून घ्या. फाटकावरच्या पाटीवर ‘अपार्टमेंट’ असे लिहिलेले असले म्हणून ती कायद्याच्या दृष्टीने अपार्टमेंट होत नाही, आणि पुण्या-ठाण्यात हा घोटाळा पावलोपावली आढळतो. तुमच्या कपाटात भाग प्रमाणपत्र, म्हणजे बोलीभाषेतले शेअर सर्टिफिकेट, असेल तर तुम्ही १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखालील गृहनिर्माण संस्थेचे सभासद आहात. त्याऐवजी घोषणापत्र आणि त्यात सामाईक जागेतील तुमच्या अविभक्त हिश्श्याची टक्केवारी असेल, तर १९७० चा महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम लागू होतो आणि तेथे सामाईक खर्च त्या टक्केवारीनेच वाटला जातो. मोठ्या सदनिकेने त्याविषयी तक्रार करण्यात अर्थ नसतो. तुमच्या पत्रावरून तुमची सहकारी संस्था आहे असे दिसते, म्हणून पुढील उत्तर तेवढ्यापुरते समजावे.

सहकारी संस्थेत ‘मेंटेनन्स’ नावाचा एकच खर्च नसतो. आपण बिलाच्या तळाचा आकडा पाहतो आणि भांडतो, पण उपविधींनी, म्हणजे संस्थेच्या नोंदणीकृत नियमावलीने, प्रत्येक रकान्याला स्वतंत्र माप दिलेले आहे. मालमत्ता कर महापालिकेने त्या सदनिकेवर बसवला असेल तितका. पाणीपट्टी सदनिकेला दिलेल्या नळांची संख्या व आकार यांवर. विम्याचा हप्ता बांधीव क्षेत्रफळाच्या प्रमाणात. पहारेकरी, सफाई कामगार आणि माळी यांचे पगार, जिन्यातील व आवारातील वीज, हिशेब तपासणीची फी, छपाई, टपाल या सर्वांचे मिळून जे सेवा शुल्क होते ते मात्र प्रत्येक सदनिकेला समान. सन २००० मध्ये राज्य शासनाने सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९अ खाली जे निर्देश दिले, त्यांतही सेवा शुल्क क्षेत्रफळावर नव्हे तर सारखेच आकारावे असे आहे. त्यामागचे कारण साधे आहे : पहारेकरी सगळ्यांसाठी एकाच फाटकावर बसतो, आणि खोली मोठी आहे म्हणून तो अधिक जागत नाही.

तुमच्या संस्थेचे सेवा शुल्क महिन्याला ३६,००० रुपये आहे असे धरू. समान वाटणीत प्रत्येकाला १,५०० रुपये येतात. नव्या ठरावाप्रमाणे एकूण १४,४०० चौरस फुटांवर दर अडीच रुपये पडतो, म्हणजे लहान सदनिकेला १,१२५ आणि तुम्हाला १,८७५ रुपये. हे जादा ३७५ रुपये तुम्ही देणे लागत नाही. नोंदणीकृत उपविधींच्या विरुद्ध जाणारा ठराव सभेने एकमताने केला तरी टिकत नाही, मग बहुमताचे काय सांगावे?

तथापि पत्राच्या शेवटी ‘पूर्वीप्रमाणे सगळेच सारखे असावे’ अशी जी मागणी तुम्ही केली आहे, तीही मान्य होण्याजोगी नाही. दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या दुरुस्तीसाठी साठवायचा निधी) हे दोन रकाने प्रत्येक सदनिकेच्या बांधकाम खर्चावर ठरतात : दुरुस्तीसाठी वर्षाला किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंडासाठी किमान पाव टक्का, जमिनीची किंमत वगळून. बांधकाम खर्च चौरस फुटास दोन हजार रुपये धरला, तर लहान सदनिकेचा तो नऊ लाख आणि तुमचा पंधरा लाख होतो. दोन्ही निधींचा मिळून एक टक्का काढला की लहान सदनिकेला महिन्याला ७५० आणि तुम्हाला १,२५० रुपये येतात. आजवर हेही सारखेच घेतले जात असेल, तर तुमचा वाटा इतकी वर्षे शेजाऱ्यांनी उचललेला आहे. समितीकडे जाताना हा हिशेब सोबत ठेवा, कारण कोणीतरी हुशार सभासद तो काढणारच.

प्रश्न : आम्ही तळमजल्यावर राहतो. लिफ्टमध्ये कधी पाऊलही ठेवत नाही. तरीही लिफ्टचा खर्च आम्ही का द्यावा?

उत्तर : द्यावा लागेल. ज्या इमारतीत लिफ्ट आहे, त्या इमारतीतील सर्व सभासदांनी तिच्या देखभालीचा खर्च समान वाटून घ्यायचा असतो. ती वापरली की नाही हा प्रश्नच उपविधींनी ठेवलेला नाही. संस्थेच्या दोन इमारती असून तुमच्या इमारतीला लिफ्टच नसेल, तर मात्र दुसऱ्या इमारतीच्या लिफ्टचा खर्च तुमच्या माथी मारता येणार नाही.

प्रश्न : मी सदनिका भाड्याने दिल्यापासून संस्था दुप्पट देखभाल खर्च घेते. हे योग्य आहे का?

उत्तर : अजिबात नाही. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार नॉन-ऑक्युपन्सी चार्ज, म्हणजे सभासद स्वतः सदनिकेत राहत नसल्याबद्दलचे शुल्क, सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक घेता येत नाही. तुमचे सेवा शुल्क १,५०० रुपये असेल, तर जादा रक्कम १५० रुपये. सदनिकेत भाडेकरूऐवजी तुमचे आईवडील, भाऊ-बहीण किंवा मुले राहत असतील तर तेवढेही नाही.

प्रश्न : आमची इमारत १९९४ ची असून तीत २० सदनिका आहेत. मी सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो. तीन पावसाळे छत गळते आहे. समिती म्हणते, ‘गच्ची तुमच्या डोक्यावर, खर्च तुमचा.’ शिवाय निधी नाही असेही सांगतात. निषेध म्हणून मी सात महिने बिल भरलेले नाही.

उत्तर : गच्ची तुमच्या डोक्यावर असली तरी ती सर्वांची आहे. गच्ची, कठडे, बाहेरच्या भिंती, सामाईक जलवाहिन्या व सांडपाण्याचे पाइप आणि पावसाच्या पाण्याची गळती यांची दुरुस्ती संस्थेने स्वखर्चाने करावयाची असते. सभासदाच्या पदरी पडते ती त्याच्या सदनिकेतील न्हाणीघर, शौचालय, बेसिन यांपासून होणारी गळती. म्हणून प्रथम पाणी कोठून येते हे ठरवून घ्या. मी एका संस्थेचा मानद सचिव असताना दिवाणखान्यात बादल्या मांडून बसलेल्या एका आजींच्या डोक्यावरचा कोबा दोनदा नवा केला होता. अखेर गच्चीच्या एकेका भागात बांध घालून चोवीस तास पाणी साठवून पाहिले, तेव्हा तडा शेजारच्या सदनिकेवर निघाला. पाणी स्लॅबमधून आडवे चालत जाते, आणि ठेकेदार मात्र डाग दिसेल तेथेच खणतो.

निधी नाही हे समितीचे म्हणणे खरे असू शकते. १९९४ साली सदनिकेचा बांधकाम खर्च तीन लाख रुपये धरला, तर सिंकिंग फंडाचे पाव टक्क्याने वर्षाला ७५० रुपये होतात; वीस सदनिकांचे १५,०००, आणि तीस वर्षांचे साडेचार लाख. व्याज मिळवूनही आजच्या दराने गच्ची आणि बाहेरचा गिलावा एवढ्यात उरकणे कठीण. परंतु पाव टक्का ही किमान मर्यादा आहे, आणि ती वाढवण्याचा अधिकार सर्वसाधारण सभेला प्रथमपासून होता. सिंकिंग फंडातून खर्च करण्यासाठी सभेचा ठराव आणि काम मोठ्या दुरुस्तीचे असल्याचा वास्तुविशारदाचा दाखला लागतो. कमी पडणारी रक्कम एकरकमी वर्गणीने उभी करता येते, आणि माझ्या मते ती दुरुस्ती निधीच्याच प्रमाणात घ्यावी. इमारत तीस वर्षे ओलांडून गेली असल्याने दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणीही करून घ्यायला हवी. तो अहवाल हाती असला की ‘एका सभासदाची गळती’ हा विषय ‘इमारतीची दुरुस्ती’ होऊन सभेपुढे येतो.

बिल थांबवणे ही तुमची चूक झाली. गळती आणि थकबाकी हे कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळे विषय आहेत. थकबाकीवर उपविधींत ठरलेल्या दराने व्याज लागते. २०१४ च्या आदर्श उपविधींत त्याची कमाल मर्यादा वार्षिक २१ टक्के, सरळ व्याजाने, अशी आहे. सहकारी संस्था अधिनियमात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १५४ब-२९ खाली संस्था निबंधकाकडून वसुली दाखलाही मिळवू शकते. सात महिन्यांची रक्कम ‘हक्क राखून’ असे पत्र जोडून भरा. त्याच दिवशी गळतीची छायाचित्रे जोडलेला लेखी अर्ज सचिवांना द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. दुरुस्ती तरीही झाली नाही, तर या तक्रारीसाठी उपनिबंधकाच्या कार्यालयात खेटे घालू नका. दुरुस्ती आणि गळतीचे वाद सहकार न्यायालयाकडे जातात, आणि तेथे सर्वप्रथम विचारली जाते ती ही पोच.