भारताचं आंतरराष्ट्रीय क्रीडाक्षेत्रातलं सर्वात मोठं यश कोणतं?

हा प्रश्न निघाला की दोन पर्याय पुढे येतात: १९८३ चा क्रिकेट विश्वचषक आणि नीरज चोप्राचं टोकियोतलं सुवर्ण. दोन्हींबद्दल मला मनापासून आदर आहे. तरी माझं मत तिसरीकडेच जातं. १५ मे २०२२, बँकॉक, थॉमस करंडक.

थॉमस करंडक म्हणजे पुरुष बॅडमिंटनचं सांघिक जगज्जेतेपद. तीन एकेरी, दोन दुहेरी. पाचांतल्या तीन लढती जिंकायच्या. एकट्याच्या जिवावर हे होत नाही. प्रकाश पदुकोण यांनी १९८० मध्ये ऑल इंग्लंड ही बॅडमिंटनमधली मानाची वैयक्तिक स्पर्धा जिंकली, गोपीचंद यांनी २००१ मध्ये, पण थॉमस करंडक लांबच राहिला. एक खेळाडू अव्वल असायचा, त्याच्या मागची फळी त्या तोडीची नसायची. दुहेरी तर आपलं कायमचं दुखणं. १९४९ पासून हा करंडक फक्त पाच देशांनी उचलला होता. त्यात एकट्या इंडोनेशियाने चौदा वेळा! आणि आपण १९७९ नंतर उपांत्य फेरीसुद्धा पाहिली नव्हती.

या पार्श्वभूमीवर डेन्मार्कविरुद्धची उपांत्य लढत आठवा. २-२ अशी बरोबरी, सगळा भार एच. एस. प्रणॉयवर. त्या रात्री आमच्या बॅडमिंटन हॉलवर खेळ थांबवून आम्ही सात-आठ जण एका मोबाइलभोवती उभे होतो. पहिल्याच गेममध्ये नेटजवळचं शटल उचलायला धावताना त्याचा पाय घसरला. उपचार घेऊन तो उठला, पण पाऊल टाकताना त्रास होतोय हे दिसत होतं. गेम गेला १३-२१. आमच्यातला एक जण रॅकेट बॅगेत भरायला लागला. पुढचे दोन गेम प्रणॉयने २१-९, २१-१२ असे घेतले. आदल्याच दिवशी मलेशियाविरुद्धही २-२ वरून निर्णायक लढत त्यानेच जिंकून दिली होती.

अंतिम सामन्यात समोर गतविजेता इंडोनेशिया. लक्ष्य सेन पहिला गेम ८-२१ हरला आणि तिथून इंडोनेशियाच्या गिंटिंगला हरवून बाहेर आला. पण माझ्या मते करंडक खरा जिंकला तो दुहेरीत. सात्विक आणि आपल्या मुंबईचा चिराग शेट्टी यांच्यासमोर तीनदा विश्वविजेता झालेला अहसान आणि एकेकाळचा अव्वल केविन सुकामुल्यो. पहिला गेम गमावलेला, दुसऱ्यात मॅच पॉइंट वाचवत वाचवत २३-२१, तिसरा २१-१९. जी दुहेरी दर वेळी आपल्याला बुडवायची तिनेच त्या दिवशी तारलं. मग एकेरीत श्रीकांतने त्यांच्या क्रिस्टीला दोन गेममध्ये हरवलं, ३-० झालं, आणि अख्खा संघ कोर्टवर धावला.

प्रणॉयला त्या दिवशी रॅकेट हातात घ्यायची वेळच आली नाही. १९८३ मध्ये संघ आठच होते म्हणून मी तो विजय कमी लेखत नाही. नीरजचा ८७.५८ मीटरचा भाला तर डोळ्यांत पाणी आणणारा होता. पण बॅडमिंटनमध्ये ज्यांना आपण वर्षानुवर्षं मान वर करून बघत होतो, त्यांना एकाच आठवड्यात ओळीने हरवणं, तेही एकाच खेळाडूवर विसंबून न राहता, हे मला अधिक अवघड वाटतं. याच कसोटीवर २०२४ च्या बुडापेस्टमधल्या बुद्धिबळ ऑलिंपियाडची दोन सांघिक सुवर्णं कुणी पुढे केली, तर मात्र मी गांभीर्याने विचार करेन. बाकी कशासाठी माझं मत बदलणार नाही.

सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर १९५६ मध्ये क्वालालंपूरला जिंकून परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. थॉमस करंडकासाठीही ते देशाकडून खेळले. जुलै २०२१ मध्ये पुण्यात ते गेले. बँकॉकचा तो रविवार अवघ्या दहा महिन्यांवर होता, याची मला अजून हळहळ वाटते.